दुसऱ्या चोपदाराची जागा

मांजरेच्या पलीकडे आमच्याकडच्या नाटकमंडळ्या सहसा जात नाहीत. मोगलाईतले रस्ते वाईट, नाके कडक, पाणी लांब आणि गावं विखुरलेली, असं जो तो सांगतो. मी गेलो तो याच कारणासाठी. जिथं आमच्या जुन्या मालकांचं पाऊल पडलेलं नाही असा मुलूख मला हवा होता. का हवा होता ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

मी नाटकात आलो तो पडद्यांच्या पेट्या वाहायला. पेट्यांवरून पडद्याच्या दोरीवर आणि दोरीवरून, हातात दांडा घेऊन, राजाच्या दारात. दुसरा चोपदार. पहिल्या चोपदाराला दोन वाक्यं तरी असतात, दुसऱ्याला एकही नसतं. अकरा वर्षं मी त्या दारात मुकाट्यानं उभा राहिलो. नाटक गाण्याचं आणि हसवण्याचं होतं. एक भित्रा राजा, कोणी भेटायला आलं की सिंहासनाखाली लपणारा. बार्शीच्या एका खेळात परराज्याच्या वकिलानं दारात येऊन विचारलं, "महाराज कुठं आहेत?" आणि पहिला चोपदार आपलं वाक्य विसरला. रंगभूमीवरची तसली शांतता मला सोसत नाही. मी म्हणालो, "महाराज नाहीत." मग एक श्वास घेतला आणि पुढं म्हणालो, "आत्ताच स्वतः सांगून गेले."

तो हशा मी विसरलेलो नाही. माझ्या त्या श्वासातच डाव्या बाजूला, जमिनीवर बसलेल्यांत, एकच माणूस हसला. वाक्य पुरं होण्याच्या आत त्याला कळलं होतं. घोगरं, जरा अडखळत येणारं हसणं. मग सगळा मांडव कोसळला.

पुढच्या खेळाला राजाचं काम करणाऱ्या मालकांनी सिंहासनाखालून डोकं बाहेर काढलं आणि ते वाक्य थोडं फिरवून स्वतःच म्हटलं. मी जाब विचारला तेव्हा ते पान लावत होते. म्हणाले, "चोपदाराचा हशा नसतो रे. हशा नाटकाचा असतो." नाटकाचा म्हणजे त्यांचा.

पुढं मी स्वतःची मंडळी उभी केली. भांडून, घासाघीस करून, लोकांचे जुने पडदे उलटे रंगवून. मालक झालो, तरी राजाचं काम घेतलं नाही. माझ्या मंडळीत दुसरा चोपदार मीच असतो, आणि ते वाक्य मीच म्हणतो. नट माझ्या मागं हसतात हे मला ठाऊक आहे. दुःख वेगळं होतं. तोवर जुन्या मालकांनी ते वाक्य गावोगाव नेऊन शिळं केलं होतं. मी म्हटलं की लोक ओठातल्या ओठात हसत, उष्टं वाढल्यासारखं. मला तो हशा एकदा परत हवा होता. ज्यांनी ते वाक्य जन्मात ऐकलेलं नाही, अशा माणसांकडून.

बार्शीच्या बाजारात कापूस घेऊन आलेल्या रंगराव पाटलांनी, चिंचदरीच्या देवीच्या जत्रेत नाटक कराल का, असं विचारलं. तुमच्याकडं कोणत्या मंडळ्या येऊन गेल्या, असं मी विचारलं. "कोन येतंय तितं," ते म्हणाले. मी तिथल्या तिथं ठरल्याचा नारळ घेतला.

नाका

बार्शीहून दोन गाड्या ठरवल्या. नऊ माणसं, पेटी, तबला, पडदे आणि कपड्यांच्या ट्रंका. भाड्याच्या गाडीत वीतभर जागा रिकामी जाऊ द्यायची नाही हा माझा नियम आहे. राजाचं काम करणारे अण्णा अंगानं दांडगे. त्यांच्या मांडीवर मी मुकुटाची पेटी ठेवली. ते कुरकुरले. मी म्हटलं, "राजानं मुकुट सांभाळावाच."

मोगलाईच्या हद्दीवर करोडगिरीचा नाका लागतो. आपल्याकडच्या जकातीचा थोरला भाऊ समजा. तिथल्या जमादारानं ट्रंका उघडून आमचे भाले बाहेर काढले.

"क्या जी, ये भाले कायकू?"

"नाटकाचे आहेत. लाकडाचे."

"लकडी का भाला भी भाला हैच."

मी भांडलो. भाल्याच्या टोकाचा मुलामा नखानं खरवडून दाखवला, एक भाला गुडघ्यावर मोडून दाखवला. शेवटी भाले सुटले. पण तोवर त्याची नजर गॅसच्या दोन बत्त्यांवर गेली होती, आणि त्या काही आमच्या कागदात लिहिलेल्या नव्हत्या. परत जाताना घेऊन जा, म्हणाला. मोडक्या लाकडासाठी मी उजेड देऊन बसलो. आयुष्यात इतका उलटा सौदा मी केला नव्हता, आणि त्या रागात कळंब येईपर्यंत गाडीवानाशी भाड्यावरून हुज्जत घातली.

मांजरा चैत्रात गुडघाभरही नसते. पात्रातल्या वाळूत खरबुजांच्या वाड्या होत्या. वाडीवाल्यानं एक फळ फोडून हातावर ठेवलं आणि काही घ्यायला तयार झाला नाही. आमच्या कृष्णाकाठी असं फुकट कोणी देत नाही, म्हणून मला आधी तो माणूस लबाड वाटला. नदी ओलांडली की काळी जमीन हळूहळू संपते. मग दगड, पानं झडलेली सीताफळीची झुडपं आणि लांबवर बालाघाटचे सपाट माथ्याचे डोंगर, सुरीनं कापल्यासारखे.

केज सोडल्यावर भर दुपारी अण्णा एका विहिरीवर मागं राहिले. मी उभा राहून हाक मारणार तोच गाडीवानानं माझा हात धरला.

"मालक, नावानं हाक मारू नगा. दुपार हाय."

"मारली तर काय होतं?"

"ज्येला मारली त्योच ओ देतो आसं न्हाई."

मी त्याला वेड्यात काढलं. पण हाक मारली नाही, हेही खरं. आमच्याकडं रात्रीला भितात. इथं दुपारला मान आहे. वाटेवरच्या गावांत बाराच्या सुमाराला दारं ओढलेली असतात, कुत्रंही भुंकत नाही, आणि पांढऱ्या उन्हात आपण एखाद्याच्या घरात न विचारता शिरलो आहोत असं वाटत राहतं.

नांदूरघाटला मुक्काम केला. ज्वारीची पातळ भाकरी आणि येसराची आमटी. येसर म्हणजे धान्यं भाजून, मसाला घालून दळलेलं पीठ. त्याची आमटी आपल्या आमटीपेक्षा दाट आणि धुरकट लागते. मी तीन वाट्या प्यायलो. प्रवासातला तो शेवटचा निवांत घास.

चिंचदरी

गाव दरीच्या तोंडाशी आहे. पन्नास-साठ घरं, वर देवीचं देऊळ. रंगराव पाटील सामोरे आले. बत्त्या नाक्यावर अडकल्या असं मी सांगितलं, तर त्यांना काहीच वाटलं नाही.

"बत्त्या कशाला? आमची सोंगं दिवसाच हुतात. देवीचा निवद झाला की."

"म्हणजे भर दुपारी?"

"तवाच तर समदे मोकळे असत्यात," ते म्हणाले. समदे म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही.

लहान कामांसाठी मी माणसं बरोबर नेत नाही. दोन शिपाई, एक हुजऱ्या, पहिला चोपदार, ही माणसं जिथं खेळ तिथलीच घेतो. खर्च वाचतो आणि गाव आपल्या माणसाला बघायला येतं. त्यांना उभं करण्याची माझी एक रीत आहे. खडूनं जमिनीवर खुणा करायच्या, ज्याची त्याची खूण ज्याला त्याला द्यायची आणि बोलणं शिकवण्याआधी बघणं शिकवायचं. कोण बोलतो आहे हे प्रेक्षकांना राजा सांगत नाही. लहान कामातली माणसं जिकडं माना वळवतात, तिकडं सगळा मांडव बघतो. अकरा वर्षं गप्प उभा राहिल्यावर एवढं तरी शिकलो.

देवळाच्या ओसरीवर तालीम लावली. चौघं आले आणि न सांगता रांगेत उभे राहिले. सवयीची माणसं आहेत असं पाटील म्हणाले होतेच. पहिल्या चोपदाराच्या कामाला म्हादू तेली होता, पन्नाशीचा, तोंडाळ. मी खुणा केल्या. म्हादू आपल्या खुणेवर उभा राहिला, बाकीचे त्याच्या पलीकडं. पण दारापाशी माणूसभर जागा मोकळी राहिली. ती माझीच जागा होती. पण तालमीत मी समोर बसून बघतो, आणि तेवढा वेळ पहिल्या चोपदाराला तिथवर सरकवतो.

"म्हादू, थोडा आत सरक. दारात मोकळं दिसतंय."

"मोकळं न्हाई जी. तितं लक्षुमन हाय."

"कोण लक्ष्मण? त्याला म्हणावं लवकर ये, तालीम सुरू झाली."

चौघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"आलाय की," म्हादू म्हणाला. "तुमच्या अगुदर आला."

मग पाटलांनी सांगितलं. या गावात सोंगातलं प्रत्येक काम एकेका घराच्या मानाचं असतं. दुसरा चोपदार गुरवाच्या घरचा. लक्ष्मण गुरव तीन वर्षांपूर्वी तापानं गेला. मूलबाळ नाही. असं झालं तर काम दुसऱ्या घराला देत नाहीत. जागा तशीच ठेवतात आणि तिच्याशी आहे तसंच वागतात.

"ते तुमच्या सोंगात," मी म्हटलं. "हे नाटक माझं आहे."

"नाटक तुमचं, मालक. दार आमचं."

माझं डोकं फिरलं. ज्या जागेसाठी मी कंपनी काढली, ती एका मेलेल्या माणसासाठी मोकळी ठेवायची? मी उठलो आणि सरळ त्या खुणेवर जाऊन उभा राहिलो. कोणी अडवलं नाही. म्हादू फक्त एक पाऊल पलीकडं झाला, गाडीत नवा उतारू आल्यावर आपण होतो तसा, आणि माझ्या-त्याच्या मध्ये पुन्हा तेवढीच जागा झाली.

"आता कुठं आहे तुझा लक्ष्मण?"

"तुमी आलाव म्हनून जरा सरला. ऱ्हाऊ द्या, त्यो काय म्हनत न्हाई."

दरीतून ओसरीवर उजवीकडून वारा येत होता. सगळी दुपार तो माझ्या अंगाला लागत होता. त्या खुणेवर उभा राहिल्यापासून तो लागेना. गर्दीत शेजारी माणूस उभा राहिला की त्या बाजूचा वारा अडतो, तसा. मी पुढं झालो, वारा लागला. मागं आलो, थांबला. हे मी तीनदा करून पाहिलं आणि मग पाणी प्यायला म्हणून खाली उतरलो.

ते वाक्य मी तालमीत कधीच म्हणत नाही. शिळं होतं. "वकिलानं विचारलं की इथं मी बोलेन," एवढंच चौघांना सांगितलं.

"ठावं हाय," म्हादू म्हणाला.

तो आगाऊपणा असेल असं मी समजलो.

काशाबाई

लक्ष्मणाची बायको काशाबाई देवळामागं पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावत बसली होती. चाळिशीची, सावळी, बोटं न थांबणारी. तिच्या मागं देवळाचं मागलं दार होतं आणि दाराला टेकून ठेवलेला चोपदाराचा दांडा. तेल लावून लावून तो काळा झाला होता.

मी मोठमोठ्या व्यापाऱ्यांकडून भाव उतरवून घेतला आहे. एका बाईकडून एका दिवसापुरती एक जागा मिळवणं काय अवघड?

"काशाबाई, उद्याचा दिवस ती जागा मला द्या."

"माजी न्हाई. त्येची हाय."

"तो वारला."

"व्हय. तीन वर्सं झाली."

"मग मागायची कोणाकडं?"

"त्येच्याकडं. दारातच तर असतो."

मी खण-नारळ देऊ केला. रंगभूमीवरून त्याच्या नावाचा पुकारा करीन म्हणालो. माझा मुलामा दिलेला नवा दांडा कायमचा देवळाला देतो म्हणालो. ती काडीनं पान टाचत राहिली.

"तुमी लई बोलता," ती म्हणाली. "त्यो बी बोलायचा. कशाला पायजे तुमाला ती जागा? राजा व्हा की. राजाला बसाया मिळतं."

मी ते हसण्यावारी नेलं. बाजारात गरज दाखवली की भाव चढतो.

एक पत्रावळ पुरी करून तीच म्हणाली, "मालक, ऐका. त्येच्या डाव्या अंगाला उभं ऱ्हावा. त्येला ढकलू नगा. आन् त्येच्या अगुदर बोलू नगा."

"बस एवढंच?"

"येवढंच."

मी लगेच कबूल झालो. मेलेल्या माणसाच्या आधी न बोलण्याचं वचन देणं सोपं होतं. हातभर डावीकडं उभं राहायचं, बाकी जागा माझीच. खण-नारळही वाचला. परत येताना मी जिंकल्यासारखा चालत होतो. फुकट मिळालेल्या मालाची मोडतोड आधी बघावी, हे मी दुसऱ्यांना शिकवतो.

खेळ

नैवेद्य झाला आणि लोक येऊन बसले. पळसाच्या फांद्यांचा मांडव. वरून ऊन गळत होतं, त्यामुळं सगळ्यांच्या अंगावर पांढरे ठिपके पडले होते. आपल्याकडं नाटक म्हटलं की शेंगा, शिट्ट्या, मागून येणारी टोमणेबाजी. इथं काहीच नाही. लोक कीर्तनाला बसावं तसे बसले होते. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या.

अण्णांनी पहिलं पद चांगलं लावलं. माना डोलल्या; पण हसण्याच्या जागा आल्या आणि गेल्या. अण्णा सिंहासनावरून घसरले, कोणी हसलं नाही. मुकुट कानावर आला, कोणी हसलं नाही. आत आल्यावर घाम पुसत ते म्हणाले, "मालक, या गावात हसायची चाल आहे की नाही?"

मला उलट बरं वाटलं. मडकं कोरं होतं. पहिलं पाणी माझंच पडणार होतं.

वकिलाचा प्रवेश आला. अण्णा सिंहासनाखाली गेले. मी दारात, ठरल्याप्रमाणं हातभर डावीकडं. माझ्या उजव्या हाताला मोकळी जागा, तिच्या पलीकडं म्हादू. मोकळ्या जागेत, जमिनीवर, खडूची नुसती खूण. उजवीकडचा वारा लागत नव्हता.

वकिलानं विचारलं, "महाराज कुठं आहेत?"

म्हादूनं मान वळवली. दोन्ही शिपायांनी आणि हुजऱ्यानं वळवली. मी शिकवली होती तशीच, सावकाश, एका दमात. पण माझ्याकडं नाही. त्या खुणेकडं. आणि सगळा मांडव तिकडं बघू लागला.

मी शांतता जरा पिकू दिली. दोन शब्दांना लागतो तेवढा वेळ गेला. म्हादूच्या मिशा हलल्या. मग एका श्वासाएवढं थांबणं. मग पुन्हा चार शब्दांएवढा वेळ. मी तोंड उघडलं नव्हतं, आणि मांडव हसला.

पोरंटोरं, बाया, बापये, पाटील, सगळे. मागं रेलून, एकमेकांच्या खांद्यावर हात मारून. बार्शीचा हशा, तोच, तेवढाच. सात-आठ वर्षं मी ज्याच्या मागं फिरलो तो माझ्यापासून हातभर अंतरावर पडत होता आणि माझ्याकडं कोणी बघत नव्हतं.

हसणं ओसरल्यावर मी रागानं ते वाक्य म्हटलं. मोठ्यानं, श्वासासकट. कोणी हसलं नाही. पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं हात वर करून मला समजावल्यासारखं केलं. ऐकलं बाबा, ऐकलं.

आणि सिंहासनाखालून अण्णा कुजबुजले, "मालक, दोनदा कशाला म्हणता?"

पुढचा खेळ कसा झाला ते मला सांगता येणार नाही. चांगला झाला म्हणतात. त्या हशानंतर लोक सुटले आणि अण्णांच्या प्रत्येक हालचालीला हसले. पडदा पडल्यावर पाटलांनी हार आणले. एक अण्णांना घातला, एक माझ्या हातात दिला आणि तिसरा खडूच्या खुणेवर ठेवला.

"आज लक्षुमननं बाजी मारली," ते म्हणाले.

मी अण्णांना बाजूला घेतलं. "पहिल्यांदा कोणाचा आवाज ऐकलात?"

"तुमचा. आणखी कोणाचा? जरा घसा बसल्यासारखा वाटला, एवढंच." मग माझं तोंड बघून ते मुकुट पेटीत ठेवू लागले.

निरोप

ऊन कलायच्या आत मी देवळामागं गेलो. काशाबाई पत्रावळींचे गठ्ठे बांधत होती. माझा आवाज चढलेलाच होता.

"तुमच्या लोकांना माझं वाक्य कुणी सांगितलं?"

"कोनतं?"

"महाराज नाहीत. ते."

"त्ये तुमचं कसं? त्ये तर आमच्या घरचं हाय."

मला वाटलं, आणखी एक चोर. जुन्या मालकांनी चोरलं ते चोरलं, आता हा दरीतला गुरवही. मी बोलायला तोंड उघडलं. पण ती आपल्या चालीनं सांगतच होती.

"सात-आठ वर्सं झाली. पाटलाच्या कापसाच्या गाड्या घेऊन बार्शीला गेलता. तितं नाटक बघून आला. आला त्यो येड्यावानी हसतच आला. दारात कुनी हाक मारली की ह्यो आतून म्हनायचा, लक्षुमन न्हाई, आत्ताच सोता सांगून गेला. रोज. म्या कावले त्येला. मंग पाटलाच्या मागं लागला. आमच्या सोंगात अगुदर येकच चोपदार हुता. ह्येनं दुसरा घालाया लावला, त्या येका बोलापायी."

"आणि वाक्य आपलं म्हणून सांगत फिरला."

तिनं पहिल्यांदा हात थांबवला.

"न्हाई जी. दर साली बोलायच्या अगुदर भुईला हात लावायचा. म्हनायचा, ह्ये बार्शीच्या चोपदाराचं हाय, माजं न्हाई. बार्शीला जानारे लोक सांगायचे, आरं ते राजाचं बोलनं हाय, आमी राजाच्या तोंडून ऐकलं. त्येंच्याशी मारामारीवर यायचा. म्हनायचा, राजानं उचललंय त्ये. म्या डोळ्यानं बघितलंय, दारातला मानूस बोलला, आन् पयला म्या हसलो."

दांडा दाराला टेकलेला होता. त्याच्यावर तेल चकाकत होतं.

"त्या मानसाचं नाव इचारायचं ऱ्हायलं, येवढंच त्येच्या मनाला लागलं हुतं," ती म्हणाली. "तापात बी तेच." मग तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "मालक, त्ये चोपदार तुमीच का?"

या प्रश्नाचं उत्तर मी कितीतरी वर्षं तयार ठेवलं होतं. कोणी विचारलं असतं तर चौकात उभा राहून ओरडून दिलं असतं. आता मी डोक्यावरची पगडी सारखी केली, ताठ उभा राहिलो, अकरा वर्षं उभा राहिलो होतो तसा, आणि म्हणालो,

"तो चोपदार नाही."

आणि श्वास घेतला.

त्या श्वासात डाव्या बाजूला, दांडा होता त्या दारापाशी, एक माणूस हसला. घोगरं, जरा अडखळत. वाक्य पुरं होण्याच्या आत त्याला कळलं होतं. मी मान वळवली नाही.

"आत्ताच स्वतः सांगून गेला."

काशाबाई तोंडाला पदर लावून हसली. हसता हसता डोळे पुसले आणि पुन्हा हसली.

मी विचारलं, "ऐकलंत?"

"रोजच ऐकते की," ती म्हणाली आणि गठ्ठ्याची गाठ मारली.

तिथंच मी माझं नाव सांगितलं. गावासकट, बापाच्या नावासकट. तिला नव्हे, दाराकडं बघून.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. वाट जरा वाकडी केली असती तर म्हणे मोमिनाबादेत, म्हणजे आपल्या अंबाजोगाईत, खेळ लावता आला असता. पण नट घरी जायला उतावीळ होते आणि मी हट्ट केला नाही. नाक्यावर जमादारानं बत्त्या परत दिल्या. एकीची काच गेली होती. त्यावरून मी त्याच्याशी भांडलो, पण माझं मन त्यात नव्हतं, आणि तो ते ओळखून हसला.

गाड्या दोनच होत्या आणि देवीच्या प्रसादाच्या टोपल्यांनी अडचण वाढली होती. अण्णा मुकुटाची पेटी मांडीवर घेऊन अवघडून बसले होते, तबलजी गाडीच्या कडेला टेकून अर्धा बाहेर लोंबत होता. माझ्या उजव्या हाताला मात्र एका माणसाची जागा मोकळी होती. चिंचदरीत गाडीत बसताना ती तशी कोणी सोडली ते मला माहीत नाही. बार्शीपर्यंत तिथं कोणी बसलं नाही, आणि मीही कोणाला सरक म्हणालो नाही.